तेराव्या किलोमीटरला हुबा

आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. पर ह्या गोष्टीत नाव घेतल्याबिगर पुढं जायाला वाटच न्हाय, म्हणून एकदाच घेते. गणपती. झालं. हितनं पुढं 'आमचं ह्ये'.

माझं नाव सोनूबाई. 'नाव सोनूबाई आन हाती कथलाचा वाळा' असं तोंडावर म्हणणारी चार माणसं इचलकरंजीत हायत आन चौघांनाबी मी जागच्या जागी उत्तर दिलंय. तवा तुमी त्या भानगडीत पडू नका. मला सांगायचंय ते येगळंच हाय. ज्या माणसासंगं तीस वर्सं संसार केला, त्यो माणूस मला एका रविवारी डोंगरातल्या वळणावर सापडला, आन त्या धक्क्यातनं मी अजून सावरल्याली न्हाय.

ह्ये मागावर हायत. इचलकरंजीत एवढं म्हणलं की झालं, पर तुमी बाहेरची म्हणून इस्कटून सांगते. माग म्हंजे कापड विणायचं यंत्र. एका माणसाकडं चार माग. दोन ह्या अंगाला, दोन त्या अंगाला, आन मधल्या बोळातनं बारा तास येरझाऱ्या. तार तुटली की जोडायची, सुताची कांडी संपली की बदलायची. बसायचं नाव न्हाय. त्या खडाखडीत बोलल्यालं ऐकू येत न्हाय, म्हणून समदा कारभार हातानं. चहाला जातो म्हणायचं तर अंगठा तोंडाकडं न्यायचा. 'जरा माझं माग बघ' म्हणायचं तर डोळ्याखाली बोट लावायचं आन मग मागाकडं दावायचं.

तीस वर्सांत ह्यांचं दोन्ही कान निम्मं गेलं. फोन वाजल्याला कळत न्हाय. सोताचा आवाज सोताला कळत न्हाय, म्हणून ह्ये गुपचूप काय सांगायला लागलं की गल्लीतली कुत्री उठत्यात. एकदा माझ्या भावजयीबद्दल माझ्या कानात कायतरी पुटपुटलं. ती परसात धुणं धूत हुती. तिनं तिथनंच सडकून उत्तर दिलं, आन मग चार म्हयनं आमची बोलचाल बंद. ह्यांना अजून कळलं न्हाय तिला कुणी सांगितलं ते.

आता शेठ. थोरला शेठ वारला आन त्याचा ल्योक राजवर्धन गादीवर बसला. वय चौतीस. त्याला पळायचा नाद. सकाळी उठून पळतोय, पळून झालं की घामाचा फोटू सगळ्यांना धाडतोय. तोंडानं ह्यांना 'मामा' म्हणतोय. त्यानं जूनमधी समद्यांना एकत्र केलं आन सांगितलं, की नवं माग येणार, एका माणसाला आठ माग बघावं लागणार, पन्नाशीच्या वरच्यांना ते झेपायचं न्हाय, तवा दिवाळीपतोर काम करा आन मग घरी आराम करा. आमचं ह्ये चौपन्न.

त्या दिवशी ह्ये घरी आलं, ताटावर बसलं आन हात धुवून उठलं. ह्या माणसाला घरी आराम म्हंजे जन्मठेप वो! सुट्टीच्या दिवशी ताप येतोय ह्यांना. बसायला येतच न्हाय.

आमची लेक निशा लॅबमधी कामाला हाय. तिच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, एक दिवस तिनं आपला फोन ह्यांच्या खिशात घातला. "बाबा, पाळी सुटंपर्यंत काढू नका." रातच्याला तिनं फोन बघितला आन मला दावला. बावीस किलोमीटर! मी म्हणलं फोन बिघडलाय. दुसऱ्या दिवशी परत घातला. साडेबावीस. बाई गं, चाळीस फुटांच्या बोळात ह्यो माणूस रोज कोल्हापूरच्या जवळ जाऊन पोचतोय आन मला तीस वर्सं पत्ता न्हाय! मी म्हणायची, पाय का दाबायला पायजेत, एका जागी हुबंच तर असतासा की.

दुसऱ्या दिवशी ह्ये शेठच्या म्होरं जाऊन हुबं. "शेठ, मी रोज बावीस किलोमीटर चालतोय. आठ माग झेपत्यात मला." ह्यांचं बोलणं म्हंजे आख्ख्या शेडानं ऐकल्यालं.

शेठ हसला. "मामा, शेडात चालणं येगळं, पळणं येगळं. नेसरीला ऑक्टोबरात डोंगरातली शर्यत हाय, एकवीस किलोमीटरची. मी बी पळणार हाय. तुमी या. तीन तासांच्या आत पुरी करा, मेडल गळ्यात दिसूंदे, आठ माग तुमचं. दिवाळीनंतर बी."

पन्नास माणसं बघत हुती. गेटवरचा राखणदार धोंडीराम दारात हुबा हुता, एका डोळ्याचा, त्यो बी बघत हुता. त्यो आन आमचं ह्ये सव्वीस वर्सं एकमेकांशी बोलत न्हाईत. का, ते पुढं सांगते.

ह्ये "बरं" म्हणून घरी आलं. मी कांड्या भरत हुते, हातातनं कांडी पडली. "आवं, तुमी डोंगर बघितलाय का कवा? नेसरी माझं म्हायेर हाय, मला इचारा! तिथं एसटी कण्हत चढती!" ह्ये म्हणलं, "बघू की." हे 'बघू की' म्हंजे ठरलं.

तीन म्हयनं ह्ये पहाटं उठून पळायला लागलं. पहिल्या दिवशी निशा संगं गेलती, ती पोट धरून हसत आली. म्हणली, बाबा वीस पावलं पळतात आन मान मागं वळवून बघतात. सवय वो, तार तुटलीय का बघायची! मोकळ्या रस्त्यावर बी मान आपोआप वळायची. मग निशानं हातकणंगल्याजवळ आळत्याचा डोंगर शोधून काढला, रविवार धरून ह्यांना तिथं न्यायला लागली. चढ बघून पहिल्यांदा ह्ये म्हणलं, "रस्ता असा वाकडा कुणी बसवला?" हळूहळू चढाया लागलं. मी मातूर ह्यांच्याशी धड बोलत न्हवते. मला आतनं भ्या वाटत हुतं. शर्यतीत माणसं छातीला हात लावून पडत्यात, हे मी टीव्हीवर बघितल्यालं.

धम्मचक्र दिन झाला आन त्याच्या नंतरचा शनिवार. आमी नेसरीला माझ्या भावाकडं, बुद्धभूषणकडं, उतरलो. संध्याकाळी शर्यतीचं मैदान बघायला गेलो, आन मी आ वासला. शाळंच्या फाटकावर वीस फुटी डिजिटल बोर्ड! गॉगल लावल्याला राजवर्धन शेठ, दोन्ही हात वर. खाली लिवल्यालं: 'डोंगरी मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, मित्र परिवार.'

"भूषण," मी म्हणलं, "शर्यत कवा हाय?"

"उद्या."

"मग ही पुरी कवा केली त्यानं?"

भूषण हसला. "ताई, आमच्याकडं बारश्याच्या आधी बोर्ड लागतोय, तू कुठं हायस?" मी बी हसले. तवा मला काय म्हाईत, त्या बोर्डानं आमचा घात करायचा हाय.

सकाळी सहाला शर्यत सुटली. सहा-सातशे माणूस. डोंगर धुक्यात, उतारावर कारळा पिवळाधमक फुलल्याला. शेठ तांबड्या बनियनमधी, कमरंला पाकीट बांधल्यालं. आमचं ह्ये निशानं घेतल्याल्या बुटात, छातीवर चारशे सतरा नंबर. जाताना माझ्याकडं बघून ह्यांनी डोळ्याखाली बोट लावलं. बघ जरा, म्हणजे. मी मान हलवली.

मग बसलो वाट बघत. साडेसातपास्नं पळणारी यायला लागली. तरणी पोरं, पोलिसातली, सैन्यातली. आठ वाजून पंचवीस मिनटांनी हलगी कडाडली. शेठ आला! हात वर करून, अगदी बोर्डावरच्यासारखा. मित्रांनी गुलाल उधळला, खांद्यावर घेतला, मेडल घातलं. मला नवल वाटलं, बनियन वाळल्यालं कसं? पर शिरीमंताचं कापड असंल म्हणून सोडून दिलं.

मी गर्दीत घुसले. "शेठ, आमचं ह्ये दिसलं का वो?"

शेठनं माझ्याकडं बघितलं आन नजर खाली घातली. "मागं हायत. येतील." त्याचा हात सारखा रिकाम्या कमरंकडं जात हुता. मग त्यानं मित्राचा फोन घेतला, दुसऱ्या कानात बोट घालून लावला, परत लावला, परत लावला. समोरनं कोण उचलत न्हवतं.

पावणेनऊ. नऊला पाच कमी. माईकवाला मोजायला लागला. नऊ. "तीन तास संपले! आता येणाऱ्यांना मेडल न्हाय!" आठ माग गेलं, चार बी गेलं. निशा माझा हात धरून रडायला लागली. आन नऊ वीसला शेवटची गाडी, मागं पडल्याली माणसं गोळा करून आणणारी, ती पण आली. तिच्यातनं सहाजण उतरलं. ह्ये न्हाईत!

नोकरी गेली तर गेली, माणूस कुठाय? मी गाडीवाल्याची गचांडी धरली. त्यो म्हणला, "मावशी, चारशे सतरा नंबरचं आजोबा तेराव्या किलोमीटरला हुबं हायत. बसा म्हणलं तर म्हणलं न्हाय. बरं हाय का म्हणलं तर म्हणलं हाय. काय इचारलं तरी हातच करत्यात."

हुबं हायत? म्हंजे काय हुबं हायत?

भूषणनं मोटारसायकल काढली. मी मागं बसले, पदर तोंडात धरला. वळणावर वळण, चढावर चढ. तेराव्या दगडाजवळचं वळण आलं आन मला ह्ये दिसलं. रस्त्याच्या कडंला, घाणेरीच्या झुडपांकडं तोंड करून, ताठ. शाळंतलं पोरगं शिक्षा झाल्यावर हुबं ऱ्हातंय तसं. दोन्ही हातात छातीशी धरल्यालं शेठचं पाकीट. आन त्या पाकिटातनं फोन केकाटतोय, केकाटतोय, आन ह्या माणसाला ऐकू येत न्हाय!

"आवं!" मी एवढ्यानं वराडले की गळाच बसला. "जित्तं हायसा न्हवं? काय करतायसा हितं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आन तोंडावर एवढा ताप, एवढी काळजी. "सोने, बरं झालं आलीस. शेठ आत गेल्यात. पोट बिघडलं म्हणलं. हे धरा जरा, आलोच, म्हणलं. दीड तास झाला. मी तीनदा आत जाऊन बघून आलो, हाका मारल्या. मला कायतरी ईपरीत वाटायला लागलंय. साप-बिप चावला असंल का गं?"

शेठ तिकडं गुलालात न्हाऊन बसलाय, आन ह्यो माणूस हितं त्याला साप चावला का म्हणून मरतोय!

"आवं, त्यो कवाच पोचलाय! मेडल घालून मिरवतोय!"

"कसा पोचंल? ह्या वाटंनं त्यो बाहेर आल्यालाच न्हाय. मी नजर हलवली न्हाय."

वरच्या अंगाला एक म्हातारी म्हसरं राखत हुती, बयाबाई म्हणून, भूषणच्या वळखीची. ती तिथनंच बोलली, "तांबड्या बनियनवाला व्हय? त्यो ह्या पायवाटंनं खालच्या रस्त्याला उतारला की. तिथं दोन पोरं फटफटी घेऊन आल्ती. म्हणली, शेठ, बोर्ड लागलाय, बसा. त्यो न्हाय न्हाय म्हणत हुता, मग बसला. मला वाटलं पाय मोडला असंल."

मी ते ह्यांच्या कानात वराडून सांगितलं. ह्यांचं तोंड बघवंना. राग न्हवता वो. शेडातली बत्ती गेल्यावर माग एकदम गप होत्यात, तसं कायतरी झालं.

मला मातूर राग आवरंना. "तीन तास तुमच्या हातात हुतं! आठ माग हुतं! पाकीट दगडावर ठेवायचं आन सुटायचं! त्येवढं डोकं चाललं न्हाय?"

"बघतो म्हणल्यावर कसं जायाचं?" ह्ये म्हणलं. आन मग हळू म्हणलं, म्हंजे ह्यांच्या हिशेबानं हळू, "एकदा गेलतो."

त्या 'एकदा'त मी बी हाय.

सव्वीस वर्सं झाली. निशा पोटात हुती. ह्यांच्या शेजारच्या चार मागांवर धोंडीराम हुता, हाच आता गेटवर हाय त्यो. दोघं एका डब्यात जेवायची. एक दिवस धोंडीरामनं अंगठा तोंडाकडं नेला, मग डोळ्याखाली बोट लावलं. चहा पिऊन आलोच, माझं माग बघ. ह्यांनी मान हलवली. तेवढ्यात दारातनं कुणीतरी हात केला. दवाखान्यातनं निरोप आल्ता, माझंच दुखायला लागल्यालं. ह्ये दोन मिंटं दारात गेलं. त्या दोन मिंटांत धोंडीरामच्या मागाचा धोटा उडाला. धोटा म्हंजे मागात सूत घेऊन हिकडनं तिकडं धावणारा तुकडा, लाकडाचा, पर त्याची दोन्ही टोकं लोखंडी. धोंडीराम चहा पिऊन आत यायला आन त्यो डाव्या डोळ्यात बसायला एकच गाठ पडली. माणूस जवळ असता तर मागाचा आवाज बदलल्या बदलल्या बंद केला असता.

धोंडीरामला परत मागावर हुबं ऱ्हायला झालं न्हाय. थोरल्या शेठनं त्याला गेटवर खुर्ची दिली. त्यानं आमाला शिवी दिली न्हाय, शाप दिला न्हाय, शब्द बी दिला न्हाय. रोज सकाळी ह्ये गेटातनं आत जात्यात आन त्यो तोंड फिरवतोय. सव्वीस वर्सं!

ह्यांनी पाकीट कमरंला बांधलं आन पळायला लागलं.

"आता कुठं? शर्यत संपली!"

"ताका अर्धा सोडत न्हाईत," म्हणलं. ताका म्हंजे मागावरची कापडाची अख्खी लांबी. आठ किलोमीटर ह्ये म्होरं आन आमी फटफटीवर मागं. चढाला चालायचं, उताराला पळायचं, वीस पावलांनी मान वळवून बघायचं. मला रडू बी येत हुतं आन ह्यांच्या डोक्यात दगड घालावा असं बी वाटत हुतं.

वाटंत मी भूषणला म्हणलं, "पाकीट गुपचूप द्यायला पायजे. चारचौघात लाजवल्याला मालक लई वाईट." कारण मला वाटत हुतं, आज मेडल गेलं, पर शेठच्या मनात खाई त्याला खवखवं म्हणून तरी कायतरी हुईल. ह्यांना मी थांबवून, कानात वराडून, तीनदा बजावलं, "कुणाला काय बोलू नका! पाकीट द्या, गप या!" ह्यांनी मान हलवली.

साडेदहाला पोचलो. मांडव सोडत हुती, पर शेठ आन त्याची माणसं तिथंच. जाणार कुठं? गाडीची किल्ली पाकिटात! माईकवाला बोलला, "चारशे सतरा! टाळ्या वाजवा!" उरलीसुरली पन्नास-साठ माणसं टाळ्या वाजवायला लागली. एक बाई मेडल घेऊन पुढं आली. ह्यांनी हात आडवा केला. "तीन तासांत झालं न्हाय. माझं न्हवं ते." आन नीट शेठकडं गेलं.

शेठच्या गळ्यात मेडल, पाठीमागं बोर्ड. ह्यांनी पाकीट दिलं. हितपतोर समदं बरोबर हुतं. मग ह्ये शेठच्या कानाशी वाकलं. मी लांबनं बघितलं आन माझं डोळं पांढरं झालं. "नगं! आवं, नगं!" म्हणत मी पळत सुटले, पर ह्यांची कुजबूज सुरू झाल्ती.

"शेठ! काळजी करू नगासा! तुमी झुडपात गेलासा आन खालनं फटफटीवर बसून आलासा, ते मी कुणाला म्हंजे कुणालाच सांगणार न्हाय!"

हलगीवाल्याची काडी वरच्या वरच ऱ्हायली. माईकवाल्याच्या हातात माईक चालूच हुता. कोणतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, पर कोण हसलं न्हाय. समद्यांनी एकदा शेठकडं बघितलं आन एकदा वर बोर्डाकडं. शेठचं कान तांबडं झालं. त्यानं मेडल काढून खिशात घातलं, गाडीत बसला आन गेला. मित्र बी गेलं. बोर्ड तेवढा ऱ्हायला.

ह्ये माझ्याकडं आलं. "काय झालं गं? समदी अशी का बघायला लागल्यात?"

"काय न्हाय," मी म्हणलं. "चला."

सोमवारी सकाळी सातला ह्ये डबा घेऊन गेलं आन साडेसातला परत आलं. शेठच्या दिवाणजीनं दारातच हातानं सांगितल्यालं, बास, घरी जावा. दिवाळीपतोर बी थांबायचं न्हाय. ह्यांनी डबा खाली ठेवला आन घरात चालायला लागलं. चुलीपास्नं दारापतोर, दारापास्नं चुलीपतोर. आठ वाजलं, नऊ वाजलं, अकरा वाजलं. ती पावलं ऐकून माझं टकुरं फिरलं. मी पदर खोचला. म्हणलं, आज राजवर्धन न्हाईतर मी.

शेडावर गेले तर गेटवरची खुर्ची रिकामी. धोंडीरामचा पत्ता न्हाय. तशीच आत घुसले. कानठळ्या बसणारा आवाज. आन बघते तर ह्यांचं चारी माग चालू! घ्या! सकाळी माणूस हाकलला आन लगेच दुसरा हुबा केला! माझ्या तोंडात शिवी आली ती तशीच ऱ्हायली.

मागांवर धोंडीराम हुता.

खाकी सदरा, कपाळावर घाम, आन एकच डोळा तारांच्या इतका जवळ नेल्याला की नाक लागंल. एका मागावरनं दुसऱ्यावर पळत हुता. सव्वीस वर्सं ज्या माणसानं आत पाऊल टाकलं न्हाय, धोटा बघितला तरी ज्याचं अंग कापतंय म्हणत्यात, त्यो!

शेजारच्या मागावर आझमगडचा एक गडी हाय. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं. दिवाणजीनं त्याला इचारलं, गणपतीचं चार माग घेतोस का? त्यो न्हाय म्हणला. आणखी तिघांना इचारलं, तिघंबी न्हाय म्हणलं. नेसरीची गोष्ट रातीतच समद्या शेडाला कळल्याली. तासभर माग बंद पडल्यालं. मग आठच्या सुमाराला धोंडीराम खुर्चीवरनं उठला, कुणाला न इचारता आत आला आन माग चालू केलं. दिवाणजी अंगावर गेला तर त्यानं एवढंच सांगितलं, "मी घेतल्यालं न्हाईत. बघतोय. त्यो येऊस्तोवर."

मी धोंडीरामच्या म्होरं जाऊन हुबी. त्यानं मला बघितलं. सव्वीस वर्सांत पहिल्यांदा तोंड फिरवलं न्हाय. त्यानं चांगल्या डोळ्याखाली बोट लावलं, मागाकडं दावलं, आन मग गेटाकडं हात केला. बघतोय. आण त्याला.

वर काचंच्या खोलीत राजवर्धन शेठ हुबा हुता. समदं बघत हुता. त्यो खाली आला न्हाय. काय म्हणणार येऊन? मागांवरची पन्नास माणसं मान वर करून त्याच्याकडं बघत हुती. त्या दिवशी आला न्हाय, त्याच्यानंतर बी कुणी काय बोललं न्हाय. दिवाळी होऊन गेली. नवं माग अजून यायचंच हायत, आन ह्यांचं जुनं चार ह्यांच्याकडंच हायत. पर ते नंतरचं.

मी घरी पळत आले. ह्ये चालतच हुतं. मी ह्यांना धरून हुबं केलं, कानात वराडले, "तुमचं माग चालू हायत!"

"कोण बघतंय?"

"धोंडीराम!"

ऐकू आलं न्हाय. मी माझा डावा डोळा झाकला आन उजव्याखाली बोट लावलं. ह्यांचा चेहरा पांढरा फटक पडला.

"त्यो? ... सोताहून?" मग म्हणलं, "कवापास्नं?"

"आठपास्नं!"

"आन आता बारा! सोने, चार तास झालं! त्याला एक डोळा हाय गं. त्यो चहाला बी गेला नसंल!"

आन ह्ये पळालं. डोंगरात कसं पळालं ते मी निम्मं बघितलं, पर ह्ये मी सगळं बघितलं. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, गल्लीतनं, चौकातनं, रिक्षांच्या मधनं. आन एकदाबी मान वळवून मागं बघितलं न्हाय.

मी धापा टाकत पोचले तवा दोघं मागाच्या बोळात समोरासमोर हुबं. धोंडीराम बाजूला सरला. त्यानं अंगठा तोंडाकडं नेला. चहा. मग डोळ्याखाली बोट लावलं आन मागाकडं दावलं. आलोच.

ह्यांनी मान हलवली.

धोंडीराम बाहेर गेला. आमच्या ह्यांनी त्या चार मागांवरनं नजर काढली न्हाय. मी हाक मारली, बघितलं न्हाय. दिवाणजी दारातनं हात हलवत हुता, बघितलं न्हाय. ह्यांच्या डोळ्यांतनं पाणी गळत हुतं, ते पुसायला बी हात वर गेला न्हाय.

दहा मिंटांनी धोंडीराम चहा पिऊन परत आला.